पोरीचे कान, आमची भांडणं

माझ्या सासऱ्यांबद्दल चांगलं बोलायला मला कधी जमलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण जिवंतपणी बोलायची सोय नव्हती आणि गेल्यावर बोलायचं नाही, तर मग बोलायचं कधी? अजूनही मी त्यांना अहोजाहो करते, ते सवयीनं. आदराचा त्यात काही संबंध नाही.

माझं माहेर सदलग्याजवळचं, शेतकरी जैनांचं घर. वडिलांशी मराठी, आईशी कानडी, गड्यांशी तोंडात येईल ती. शाळा मराठी होती, पण खेळातली भांडणं कानडीत चालायची. आपण दोन भाषा बोलतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं ते माहीतही नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा ते सांगणारा माणूस भेटला.

सासरे तंबाखूचे व्यापारी. निपाणी महाराष्ट्रात जायला पाहिजे यावर त्यांचं मत कडक होतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या वडिलांचंही तेच मत होतं. पण वडिलांनी ते कधी आईच्या तोंडावर मारलं नाही. सासऱ्यांकडं कानडीतलं सरकारी पत्र आलं की ते दोन बोटांच्या चिमटीत धरून वखारीतल्या कारकुनाकडं द्यायचे. आणि हाच माणूस वखारीत चिकोडी-रायबागकडच्या शेतकऱ्यांशी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत अस्खलित कानडीत घासाघीस करायचा. वखारीत धंदा होता, तिथं कानडी चालायची. घराच्या उंबऱ्यावर आली की ती विटाळायची.

मला पहिली मुलगी झाली. तिला मांडीवर घेतलं की माझ्या तोंडात कानडीच यायची. माझ्या आईनं मला जसं घेतलं तसं मी तिला घेत होते, त्यात ठरवून काही नव्हतं. मुलगी गोरीगोमटी, हसरी. पण दोन वर्षांची झाली, अडीच वर्षांची झाली, तरी बोलेना. पाणी हवं असलं की माझा पदर धरून माठाकडं ओढत न्यायची. राग आला की किंचाळायची. शब्द मात्र नाही. शेजारची तिच्याहून लहान पोरगी घरात येऊन घडाघडा बोलायची तेव्हा मी काहीतरी काम काढून आत जायचे.

एकदा दुपारच्या जेवणानंतर सासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, अर्थात मला ऐकू जाईल अशा बेतानं, "पोरगीला दोन भाषांनी घोळात घातलंय. आई कानडीत बोलत्या, आपण मराठीत, त्या जिवानं धरायचं काय? आजपास्नं ह्या घरात कानडी बंद."

नवरा म्हणाला, बघू. माझ्या नवऱ्याच्या आयुष्याचं सार त्या एका शब्दात आलं.

घरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोरीची जीभ बघितली, जिभेखालची शीर बघितली, कानात टॉर्च मारला. मग मला तिला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं आणि मागं जाऊन टाळी वाजवली. पोरगी वळली. कान उत्तम आहेत, डॉक्टर म्हणाले, दोन भाषांच्या घरात असं होतं, एकच ठेवा. सासऱ्यांचा चेहरा परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा झाला. डॉक्टरांना चहा दिला तो मीच.

त्यानंतर तेरा-चौदा महिने मी कानडी गिळून राहिले. जीभ हलकी व्हावी म्हणून रोज सकाळी वेखंड उगाळून चाटवायचं ठरलं. इतरांच्यात ते मधातून देतात, आमच्यात मध चालत नाही, म्हणून तुपातून. ती थुंकायची, मी परत चाटवायचे. मराठी अंगाई मला एकच येत होती, तीही शाळेच्या पुस्तकातली, ती मी कवायतीसारखी म्हणायचे. माझी आई नातीला बघायला आली तेव्हा सासऱ्यांनी तिलाही नियम ऐकवला. बिचारी बाहेरच्या सोप्यात बसून मोडक्यातोडक्या मराठीत नातीला "हिकडं ये, बाळ" म्हणत राहिली आणि नात बघेना. आईला वाटलं, आपलं मराठी वाईट म्हणून पोरगी येत नाही. चार दिवस राहायला म्हणून आलेली दुसऱ्याच दिवशी परत गेली, आणि पुढं कितीतरी वर्षं आली नाही. ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

पोरगी पावणेचार वर्षांची झाली होती. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. ती परसदारी पायरीखाली माझ्याकडं पाठ करून चिंचोके मांडत बसली होती आणि मी वर पायरीवर तांदूळ निवडत होते. मला वाटलं, आता कोण ऐकतंय. हळूच कानडीत हाक मारली, इल्ली बा, इकडं ये. तिनं बघितलं नाही. जरा मोठ्यानं मारली. मग मराठीत मारली. मग सूप बाजूला ठेवून, शेतात लांबच्या गड्याला मारतात तशी ओरडून मारली. शेजारणीनं भिंतीवरून डोकं काढून काय झालं विचारलं. पोरगी चिंचोके मांडतच होती. मी उठून पुढं गेले तशी माझी सावली चिंचोक्यांवर पडली आणि ती मागं वळून हसली, हात वर केले.

उचलून घेतलं तिला. घोळ व्हायला आधी एक तरी भाषा कानात शिरावी लागते, एवढी साधी गोष्ट. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी आम्ही कानडीला फाशी देऊन बसलो होतो आणि वरून वेखंड चाटवत होतो.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. बघू. सासऱ्यांना त्यानं सांगितलं तेव्हा ते मलाच ऐकवत म्हणाले की डॉक्टरनं टाळी वाजवली तेव्हा ती वळली होती, सगळ्यांनी बघितलंय. खरं होतं ते. वळली होती. पण आता मला माझ्या डोळ्यांनी दिसलं होतं, आणि मी घरात चूल पेटवण्याआधी रोज सकाळी एकच वाक्य म्हणायला लागले, हिचे कान दाखवायचेत. महिनाभर म्हटलं. नवरा शेवटी तयार झाला तो कटकट थांबावी म्हणून.

कान कुणाला दाखवायचे हे निपाणीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी कोल्हापूर म्हणे, कुणी मिरज. बेळगावात टिळकवाडीला एक कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत असं कळलं, तिथं गेलो. कपाळावर आरसा बांधलेल्या त्या गृहस्थांनी दोन्ही कानांत नळी घालून बघितलं, कान स्वच्छ आहेत म्हणाले. स्वच्छ असायला काय झालं, रोज मीच पुसत होते. ऐकू येतं का ते बघा, मी म्हटलं. ते म्हणाले, सहा वर्षांची झाली की आणा, त्याआधी मशिनीवर तपासता येत नाही. तोपर्यंत काय करायचं हे विचारायला मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत घेतलं होतं. इतक्या शांतपणे कुणी माझ्या मुलीची दोन वर्षं पुढं ढकलून दिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

बाहेर बाकावर एक बाई आपल्या मुलाला घेऊन बसली होती. मुलाच्या छातीवर शिवलेली कापडी पिशवी, पिशवीत डबी आणि डबीतून निघालेली वायर कानात गेलेली. मी सरळ जाऊन विचारलं हे काय आहे. ती कानडी बोलली. मी कानडीत उत्तर द्यायला गेले तर वर्षभर न वापरलेली माझी आईची भाषा तोंडात अडखळली. नवरा बाजूला उभा राहून जमिनीकडं बघत होता. त्या बाईनं सांगितलं, खानापूर रोडला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक आड एक शनिवारी म्हैसूरला शिकून आलेला एक तरुण बसतो. तो कानात बघत नाही, कानाला किती ऐकू येतं ते मोजतो. लहान मुलांचंही मोजतो. त्याला ऑडिऑलॉजिस्ट म्हणतात हे मला पुढं कळलं. असा माणूस आपल्या भागात आहे हे आमच्या घरच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं ते मी समजू शकते. कपाळावर आरसा बांधलेल्याला, मैलभरावरच्या त्या खोलीबद्दल माहीत नव्हतं, की माहीत असून सांगावंसं वाटलं नाही?

पुढच्या शनिवारी जायचं ठरलं तसं सासरे म्हणाले, मी येतो. मुलानं वखारीत बसावं, आपण जाऊन बघतो हा म्हैसूरचा मास्तर काय दिवे लावतो ते. धोतर, कोट, टोपी घालून ते बसमध्ये पुढं बसले. मी पोरीला घेऊन मागं. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

खोली लहान होती. भिंतींना काथ्याच्या गाद्या आणि जुन्या गोधड्या ठोकलेल्या, खिडकी खिळे मारून बंद केलेली. आत उकाडा. तरुण सडपातळ, धारवाडकडचा. तो कानडीत विचारायचा आणि सासरे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मराठीत द्यायचे. म्हणजे प्रश्न बरोबर कळत होता. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही, उलट जमेल तेवढं मराठी स्वतःच वापरलं. पोरगी आवाजाला कधीपासून दचकत नाही, असं त्यानं विचारलं तेव्हा सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खरं सांगून टाकलं. आठ महिन्यांची असताना दिवाळीत दारात फटाक्यांची माळ लागली तरी ती झोपूनच होती. किती गुणाची पोर, असं मीच सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले होते. त्यानं ते लिहून घेतलं, मान वर न करता.

मग मला पोरीला मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. समोर लाकडी मणी ठेवले. तो मागं गेला आणि छोटा ढोल वाजवला. पोरगी वळली.

"बघा," सासरे म्हणाले.

त्यानं परत वाजवला. परत वळली. तिसऱ्यांदा वाजवताना तो तिच्याकडं बघतच नव्हता, माझ्याकडं बघत होता. मग म्हणाला, बाई, ही ऐकत नाही, तुम्ही ऐकताय. आवाज झाला की तुमचं अंग हलतं, ते तिच्या अंगाला कळतं, म्हणून ती वळते. मला निपाणीतली ती टाळी आठवली आणि मांडीवरची पोर मला एकदम जड लागली. एक वर्ष माझ्याच दचकण्यानं खाल्लं होतं. तो म्हणाला, तिला आजोबांकडं द्या.

सासऱ्यांनी तिला घेतलं. नातवंडं मांडीवर घेण्याची त्यांना सवय नव्हती. मास्तराला हरवायचं म्हणून ते अगदी खांबासारखे ताठ बसले, हलायचंच नाही असं ठरवून. ढोल वाजला. मी दचकले, पण मी लांब होते. पोरगी दोऱ्यात मणी ओवत होती. परत वाजला, जवळून. मणी ओवणं चालूच. मग त्यानं देवळातली असते तसली पितळी घंटा तिच्या डोक्यामागं धरून दणादण वाजवली. सासऱ्यांच्या दोन्ही हातांखाली तिचं अंग होतं. ते अंग जराही हललं नाही हे त्या खोलीत फक्त त्यांना कळत होतं.

"मत्तोम्मे," ते म्हणाले.

म्हणजे परत एकदा. कानडीत म्हणाले. आपण कशात बोललो याचं त्यांना भान नव्हतं. तरुणानं परत वाजवली. ते परत मत्तोम्मे म्हणाले, मग पुन्हा. शेवटी तरुणानंच घंटा खाली ठेवली. मला त्या वेळी त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

पुढं त्यानं तिच्या कानांवर मशीन लावलं, आवाज आला की मणी डब्यात टाकायचा असं खेळातून शिकवलं, आणि आवाज वाढवत वाढवत नेला. मणी पडला तो अगदी शेवटी. दोन्ही कान सारखेच. नसेचा दोष आहे, तो म्हणाला, औषध नाही, ऑपरेशन नाही. छातीवर बांधायचं मशीन लावा आणि रोज शिकवा. बोलेल, पण मेहनत खूप लागेल, कारण उशीर झालाय. दोन वर्षांची असताना आणली असती तर बरंच सोपं गेलं असतं. सासरे खिळे मारलेल्या खिडकीकडं बघत होते.

शेवटी तो म्हणाला, आता काही वर्षं एकच भाषा ठेवा. हल्ली म्हणे तसं सांगत नाहीत, त्या वेळी सगळेच सांगायचे. कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा, तो म्हणाला. मी इथं कानडीत शिकवतो. मराठी हवी असेल तर मिरजेला एक बाई शिकवतात, त्यांना चिठ्ठी देतो. दोन्हीकडं जाणं तुम्हाला सारखंच.

मी म्हटलं, कानडी.

सासरे पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "मग मी हिच्यासंगं बोलू कशात?"

"वखारीत बोलता त्यात, मामा."

लग्नानंतर पाच वर्षांनी मी त्यांना दिलेलं ते पहिलं उत्तर. लोकांना मी नंतर सांगत आले की दिवसभर पोरीजवळ मी असणार, माझ्या तोंडात कानडी सहज येते, म्हणून ती निवडली. ते खोटं नाही. पण मिरजेच्या बाईंचा पत्ता मी विचारलासुद्धा नाही. निपाणीची गल्ली मराठी, शाळा मराठी, चुलत भावंडं मराठी, हे मला दिसत नव्हतं असंही नाही. आईला सोप्यातून परत जावं लागलं होतं, तिची भाषा मला त्याच सोप्यात आणून बसवायची होती. 'कानडी' हा शब्द उच्चारताना मी बघत होते सासऱ्यांच्या तोंडाकडं.

पुढची वर्षं राबण्यात गेली. एक आड एक शनिवारी बेळगाव. घरी पोरीच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरून फुंकर शिकवायची, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून गळा कसा थरथरतो ते दाखवायचं, वांगं, चमचा, बादली, जे हातात येईल ते तोंडाजवळ धरून शंभर वेळा म्हणायचं. ती बोलायला लागली. आवाज सपाट, नाकातला, पण माझ्यासाठी सोन्याचा. माझा नवरा कानडी शिकला, आणि त्यासाठी बघू म्हणाला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सासऱ्यांनी तिच्याशी एक शब्द काढला नाही. भुवईनं बोलवायचे, हातानं घालवायचे. जेवायला चला, असं ती कानडीत सांगायला गेली की वर्तमानपत्र वाचत राहायचे आणि ती निघून गेल्यावर उठायचे. वखारीत मात्र शेतकऱ्यांशी पूर्वीसारखंच चालू होतं. मी ते बघायचे आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती दहा वर्षांची झाली होती. त्या दिवाळीत घर भावंडांनी भरलं होतं. सोप्यात सगळी पोरं गोष्टी सांगत होती, मराठीत, भराभर. ती मधेच बसलेली, एकेकाच्या ओठांकडं बघत. सगळे हसले की ती हसायची, जरा उशिरा. मग कुणीतरी काहीतरी विचारलं, तिला कळलं नाही, आणि पोरं तिला सोडून पुढं गेली. ती उठून माझ्याकडं स्वयंपाकघरात आली. मी स्टोव्हवर करंज्या तळत होते.

तिनं विचारलं, मला त्यांचं बोलणं का येत नाही? मी कढई उतरवली, तिच्यासमोर बसले आणि नेहमीसारखं एक एक शब्द सुटा करून सांगितलं की डॉक्टर म्हणाले होते, एकच भाषा शिकवा. माझ्या ओठांवरून तिनं ते सगळं नीट उचललं.

"कुठली शिकवा म्हणाले होते?" तिनं विचारलं.

तिच्याशी बोलायचं तर तोंड तिच्याकडं ठेवावं लागतं. मी स्टोव्हकडं वळले, कढई परत चढवली आणि तशीच पाठमोरी राहून तिला खरं काय ते सांगितलं. ते तिला कळलं नाही, आणि कळू नये म्हणूनच मी वळले होते.